फाटकातलं खोड

"बाबा, शनिवारी येतेय. गाडी अंगणात घेता आली तर दोन दिवस राहते, नाहीतर हॉटेल बघते. गाडी नवी आहे, रस्त्यावर नाही ठेवणार मी," मुलगी फोनवर म्हणाली.

निवृत्त ग्रंथपालांनी खिडकीतून पाहिले. अंगणाच्या मधोमध वादळात पडलेल्या झाडाचे खोड ठाण मांडून बसले होते. पत्नी गेल्यापासून या घरात कुणी दोन दिवस राहिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लाकूडतोड्याला बोलावले आणि त्याच्या हाती नळाच्या पाइपाचा नकाशा ठेवला.

"पाइप डावीकडे आहे. तुम्ही उजवीकडून खणा."

"काका, नक्की ना?"

"नकाशा मीच काढलाय," ते म्हणाले, आणि नेमकी त्यामुळेच त्यांना शंका आली.

पाचव्या घावाला कारंजे उडाले. नकाशा त्यांनी ओट्यावर बसून, फाटकाकडे बघत काढला होता. लाकूडतोड्या फाटकाशी उभा राहून घराकडे बघत होता.

पाइप शेजारच्या वहिनींच्या घरीही जात होता. त्या रिकामी बादली घेऊन आल्या. त्याच झाडाच्या पाचोळ्यावरून दोघांचे बोलणे नऊ वर्षे बंद होते.

"भाऊजी, झाड होतं तेव्हा कचरा, नाही तेव्हा पाणी बंद! माझ्यावर कसला राग आहे हो त्याचा?"

ग्रंथपालांना ओशाळल्यासारखे झाले. पण कुणी तरी इतके बोलले, म्हणून थोडे बरेही वाटले.

प्लंबरने पाइप जोडला. शुक्रवारी खोड उपटून निघाले. लाकूडतोड्याने तीन गडी लावून ते लोटत लोटत फाटकापर्यंत नेले आणि तिथे ते मुळांसकट गच्च अडकले. ना आत, ना बाहेर.

"मोठी करवत सोमवारी मिळेल," म्हणत लाकूडतोड्या खोडावरून उडी मारून गेला.

शनिवारी सकाळपासून ग्रंथपाल खोडावर बसून माफीचे वाक्य जुळवत होते. गाडी आली, थांबली.

"बाबा, हे काय?"

"अंगण मोकळं केलंय गं," ते म्हणाले. पुढचे वाक्य विसरले. "हॉटेल... बरं आहे ना?"

"हॉटेल कशाला?" भिंतीपलीकडून आवाज आला. "गाडी माझ्याकडे लाव. अंगण रिकामंच असतं, येतंय कोण? आधी विचारलं असतंत भाऊजी, तर खणायलाही लागलं नसतं."

गाडी लावून मुलगी आली. मागोमाग चहाचा थर्मास घेऊन वहिनीही आल्या.

ग्रंथपाल खोडाच्या एका कडेला सरकून बसले.