बाहुबली अण्णांना थांबता येत नाही

"आवं, कुंभोजचे बाहुबली भगवान कवाधरनं ताठ उभे हायत, आन आमच्या बाहुबलींना दारात दोन मिन्टं उभं ऱ्हाता येईना!" गुणमालाबाईंनी सकाळी सकाळी तोंडसुख घेतलं. "आज जर तुम्हास्नी कुणी धरून घरी आणलं, तर सायकल भंगारात. सांगून ठेवते."

अण्णांनी सायकल काढली. सांगलीच्या हळदपेठेत उभी हयात गेली आणि आता उभंच राहता येईना, असं त्यांचं झालं होतं. मणक्यात नस दबलेली. ताठ झालं की कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जायची. पण हँडलवर वाकून पॅडल मारलं की दुखणं गायब! डॉक्टरांनीच सायकल चालवायला सांगितलं होतं. सायकल गेली की पेठ गेली, आणि मग दिवसभर गुणमालाबाईंच्या समोर बसायचं.

हे गावाला कोण समजावणार? चालताना पाहणारे हळहळायचे, सायकलवर पाहणारे 'नाटकं' म्हणायचे, आणि सगळे मिळून हळदीचं दूध सुचवायचे. हळदीच्या व्यापाऱ्याला! वर ते सांगायला थांबवायचे. थांबलं की पाय टेका, पाय टेकले की ताठ व्हा, ताठ झालं की कळ. चौकशीनंच माणूस अर्धा झाला होता.

नाक्यावर रसाच्या गाड्यावरून काडीपैलवान बाळासो ओरडला, "अण्णा, थांबा की! कंबर कशी हाय?"

"थांबता येत न्हाई!" अण्णा वैतागून ओरडले आणि पुढे गेले.

बाळासोच्या हातातला ग्लास खाली पडला. "आरं पळा! अण्णांचे बिरेक गेले!"

एका मोटारसायकलवर तो मागे बसला. दुसरी आली, रिक्षा आली. "अण्णा, भिऊ नगा!"

"आरं, बिरेक हायत!"

"काय म्हणत्यात?"

"न्हाईत म्हणत्यात!"

भाजीवाल्या हरणाबाईनं रस्त्यात रिकामी पोती टाकली. "अण्णा, ह्याच्यावर पडा!"

अण्णांचा संताप संताप झाला. थांबावं, तर ही मंडळी धरून घरी नेणार आणि सायकल भंगारात जाणार. त्यांनी पोत्यांना वळसा घालून जोरात पॅडल मारलं. ब्रेक गेल्याची आता सगळ्यांनाच खात्री पटली.

शेवटी बाळासोनं मोटारसायकलवरून उडी टाकली, कॅरिअर धरला आणि जीव खाऊन मागे ओढला. अण्णांनी ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. बाळासो मात्र वाकला तो वाकलाच.

"अण्णा... कमरंत कायतरी मोडलं!"

लगेच गर्दी जमली. "ताठ करा त्याला!" लोकांनी ताठ केलं. बाळासोनं अशी बोंब ठोकली की रिक्षावाला दचकला.

"सोडा त्याला!" कळ दाबत अण्णा गरजले. "बाळासो, माझ्या मागं बस. वाकूनच बस."

ब्रेक गेल्याची बातमी घरी आधीच पोचली होती. गुणमालाबाईंनी दारात भंगारवाला उभा करून ठेवला होता. सायकलवर दोन वाकलेली माणसं पाहून त्या गोंधळल्या.

"कुणी कुणाला धरून आणलं?"

"मी आणलं त्याला," अण्णा म्हणाले.

बाईंनी भंगारवाल्याला हातानंच 'जा' म्हणून खुणावलं. मग बाळासोला म्हणाल्या, "उतर बाबा. जरा ताठ उभा ऱ्हा. हळदीचं दूध देते."

बाळासोनं अण्णांना पाठीमागून घट्ट मिठी मारली.

"नगो वैनी! अण्णा, चला फुडं. थांबता येत न्हाई!"