पिशवीला पाजलेली काकवी

"माझी पिशवी गळणार? अरे, मुठ्याचा कॅनॉल फुटंल एक वेळ, पण महिपती कामथ्याची पिशवी फुटायची नाही!"

हवालदार महिपती कामथेने ही बढाई पलटणीच्या बँडमध्ये इतक्या वेळा मारली होती, की नव्याने भरती झालेल्या वादकांना सुरांच्या आधी ती पाठ व्हायची. महिपती बॅगपाईप वाजवायचा. काखेत हवेची पिशवी, खांद्यावर तीन उभ्या नळ्या, तोंडात एक नळी आणि बोटांखाली एक, असं ते प्रकरण. बाकी सगळ्यांनी केव्हाच नव्या कापडी पिशव्या घेतल्या होत्या. त्यांना ना तेल, ना पाणी. महिपतीची मात्र अजून चामड्याची! चामडं सुकलं की हवा सुटते, म्हणून पिशवीला आतून अधूनमधून काहीतरी गोड, चिकट पाजावं लागतं. त्याच्या उस्तादांनी त्याला एकच मंत्र दिला होता, "पोरा, काकवी पाज. ती तृप्त, तर तू तृप्त."

आणि काकवीला त्याच्याकडे काय तोटा! सासुरवाडी पुण्याजवळच्या मांजरी गावची, सासूबाई वेणूबाईंचं घरचं गुऱ्हाळ. जावई आला की ताटात काकवी, निघाला की बरणीत काकवी. त्यातली अर्धी त्याच्या पोटात जायची आणि अर्धी पिशवीच्या.

अशा या महिपतीच्या नोकरीचे शेवटचे दिवस आले आणि नेमका बँडचा जर्मनी दौरा ठरला. ऑगस्टात जायचं, गावोगावी कार्यक्रम करायचे, परत यायचं आणि महिनाअखेरीस महिपतीने निवृत्त व्हायचं. सुभेदार दत्तप्रसाद सावंत बँडचे प्रमुख होते. माणूस कडक, पण मनाने मऊ. त्यांनी महिपतीला बोलावून सांगितलं, "कामथे, शेवटच्या कार्यक्रमात एक चाल तुम्ही एकट्याने वाजवायची. हवी ती निवडा."

महिपती तिथल्या तिथे म्हणाला, "साहेब, जात्यावरची ओवी."

"जर्मनीत ओवी? तिथल्या लोकांना काय कळणार?"

"साहेब, जन्मभर आपण त्यांच्या चाली वाजवल्या. आपल्याला तरी कुठं कळल्या?"

सुभेदारसाहेब हसले आणि हो म्हणाले.

आता ओवीच का, तर त्याचं कारण होतं भाग्यश्री, म्हणजे महिपतीची बायको. या बाईने अख्ख्या संसारात नवऱ्याचं वाजवणं एकदाही धड ऐकलं नव्हतं! तो सीमेवर, ती मुलांच्या शाळेपायी मांजरीत. एकदा टीव्हीवरच्या संचलनात तिला त्याच्या फेट्याचा तुरा दिसला होता, आणि तोही त्याचाच होता की शेजारच्याचा, यावर घरात अजून वाद होता. शेवटची बदली पुण्याला झाली तेव्हा महिपतीला वाटलं, चला, आता बायकोला रोज ऐकवू. पहिल्याच संध्याकाळी त्याने पिशवी फुगवून जेमतेम एक सूर लावला, तोच मांजरीतल्या त्यांच्या सोसायटीचे चेअरमन श्रीनिवास खांबेटे यांनी जिन्यात पाटी लावली : 'इमारतीत पिपाणी वाजवू नये. वाजवल्यास ती आम्हांला ऐकू येते.'

मग महिपती सरावाला उसाच्या बांधावर जाऊ लागला. दुसऱ्याच दिवशी गावच्या ग्रुपवर मेसेज फिरला, 'कॅनॉलच्या कडेला उसात बिबट्या ओरडतोय. लेकरं बाहेर सोडू नका.' माणसं काठ्या घेऊन आली. महिपतीने हात वर केले म्हणून निभावलं! त्यानंतर सराव काय तो बराकीतच.

तर ती ओवी. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत त्याने भाग्यश्रीला पीठ चाळताना ती गुणगुणताना ऐकलं होतं आणि तिच्या नकळत ती चाल उचलली होती. कितीतरी रात्री बर्फातल्या चौकीवर त्याने ती चाल नुसत्या बोटांनी वाजवली होती. कार्यक्रम फोनवर थेट दिसणार होता. तिथे तिचीच ओवी अचानक तिच्या कानावर पडणार होती. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. माणसाने बायकोला एक तरी भेट अशी द्यावी, जी घरी आणल्यावर 'बदलून आणा' म्हणता येत नाही, असा त्यामागचा विचार.

निघताना भाग्यश्रीने हातावर दही ठेवलं. वेणूबाईंनी काकवीचा अख्खा डबा पुढे केला.

"जावई, तिकडं भाकर गावंल न गावंल, काकवी तरी असू द्या संगं."

"आई, मला तिकडं जेवण हाय."

"तुमच्यासाठी न्हाई, तुमच्या त्या पिशवीसाठी!"

डबा मोठ्या ढोलाच्या पेटीत बसला आणि जर्मनीला पोहोचला.

पहिले कार्यक्रम बंद सभागृहांत झाले. झकास झाले! महिपतीची पिशवी मांजरासारखी काखेत पहुडलेली. मात्र विमानाच्या आणि बसच्या गार, कोरड्या हवेने चामडं सुकत चाललं होतं. शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली आणि पिशवीतून अगदी बारीक 'फुस्स' आलं.

नाईक सूरज शेजारीच वाजवायचा. तो म्हणाला, "उस्ताद, आजच्या दिवस माझी पिशवी घ्या. कापडी हाय, गळत न्हाई. मी मागं नुसता उभा राहीन."

महिपतीने इथेच हो म्हणायचं होतं. पुढे कितीतरी दिवस आंघोळ करताना, बसची वाट बघताना, भात कालवताना त्याला हाच क्षण आठवायचा आणि घास तोंडाशी थांबायचा. पण तेव्हा तो म्हणाला काय? "महिपती कामथे उसनवारीच्या पिशवीत फुंकत न्हाई!"

आणि त्याने डब्यातली उरलेली सगळी काकवी पिशवीत ओतली. सगळी! रीत अशी, की वाटीभर ओतायची, पिशवी मळायची, मग उलटी टांगून जास्तीची निथळू द्यायची. पण निथळायच्या वेळेला महाशय फोनवर होते.

"भाग्यश्री, दिसतंय का?"

"दिसतंय की! खांबेटे काकांनी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावलंय. सगळी बिल्डिंग आलीया. आई बी हाय. मी नवी साडी नेसलीया!"

"अगं, पण मी तुला बघू शकनार न्हाई."

"म्हनून काय जुनी नेसू?"

तेवढ्यात शिट्टी झाली आणि पिशवी तशीच, गच्च भरलेली, काखेत गेली.

कार्यक्रम बागेत होता. लख्ख ऊन, रांगेने टेबलं, टेबलांवर आलुबुखारचे केक आणि सरबतं. आणि सगळीकडे गांधीलमाश्या! तिथे म्हणे ऑगस्टात त्या असतातच. लोक निवांतपणे पेल्यावर बशी झाकत होते. सुभेदारसाहेबांनी हवेत नाक वर केलं.

"कामथे, पुरणपोळीसारखा वास कुठून येतोय?"

"केक असतील, साहेब."

महिपती चार पावलं पुढे आला. मागे बाकीचे बॅगपाईपवाले एका ओळीत उभे राहिले. बँडमध्ये एक कायदा आहे : पुढच्या माणसाच्या पायांकडे बघायचं. सूर चुकला तर एक वेळ माफी मिळेल, पाऊल चुकलं तर नाही! पुढचा थांबला की थांबायचं, वळला की वळायचं, आणि का ते विचारायचं नाही. भरतीच्या दिवसापासून हे हाडात मुरलेलं असतं.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. महिपतीने पिशवी फुगवली, काखेत दाबली आणि ओवीचा पहिला सूर लावला. सूर सुंदर लागला. अगदी पहिला सूर, तेवढाच.

उन्हाने काकवी पातळ झाली होती. ती खालच्या नळीत उतरली आणि तिथल्या सूर काढणाऱ्या पत्तीवर जाऊन बसली. दुसऱ्या सुराच्या जागी नळीतून आला तो गुळण्या केल्याचा आवाज! महिपतीने जोराने फुंकलं. नळीने किंचाळी फोडली. त्याने आणखी जोराने फुंकलं, तशी काकवी वरच्या नळ्यांच्या सांध्यांतून बाहेर आली आणि खांद्यावरून कॉलरमध्ये ओघळली.

मग त्या आल्या. आधी एक, मग तिच्या ओळखीच्या चार, मग अख्खं गाव! आमंत्रण पोचल्यासारख्या गांधीलमाश्या केक सोडून मांजरीच्या काकवीवर उतरल्या. दोन्ही हात वाद्यात अडकलेले, हाकलणार कशाने? महिपतीने मान झटकली. खांदा उडवला. एक माशी कॉलरमधून आत शिरली, तशी त्याने उजव्या पायावर उडी मारली. दुसरी चावली, तशी डाव्या पायावर. तिसरीला चुकवायला त्याने गर्रकन गिरकी घेतली.

मागच्या ओळीने त्याचे पाय बघितले.

सूरजला वाटलं, उस्तादांनी ऐन वेळी कवायत बदलली. विचारायची सोय नाही. त्याने उजव्या पायावर उडी मारली. त्याच्या शेजारच्याने मारली. पुढच्याच क्षणाला सगळी ओळ उजवा, डावा, गिरकी! उजवा, डावा, गिरकी! ढोलवाला सांगलीकडचा, जत्रेत वाढलेला. समोर एवढी माणसं नाचताहेत आणि आपण गप्प, हे त्याच्याच्याने बघवेना. त्याने हलगीचा ठेका धरला.

बागेतले लोक उठून उभे राहिले. आधी एका आजोबांनी ठेक्यावर टाळी धरली, मग सगळ्या बागेने! दोन आज्या तर केक बाजूला ठेवून गिरकी घेऊ लागल्या. एका माशीने महिपतीच्या ओठाला कडकडून चावा घेतला, तोंडातली नळी सुटली आणि पिशवीने लांबलचक 'भूंऽऽऽ' करून प्राण सोडला. नेमका तिथेच ढोलवाल्याने ठेका संपवला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की माश्याही दचकून उडाल्या.

सुभेदारसाहेब ताडताड आले. चेहरा लालबुंद! "कामथे, हा काय तमा..." इतकं म्हणेपर्यंत गावच्या महापौरबाई धावत आल्या आणि त्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरले. दुभाष्याने सांगितलं, "बाई म्हणतात, असं लोकनृत्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा एकदा होईल का?"

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "होईल की!"

महिपतीने सुजत चाललेल्या ओठांनी विनवलं, "शाहेब, ओवी? एकदाच... शूरजची पिशवी घेऊन..."

"ओवी राहू द्या, कामथे. नाच!"

तसंही त्या ओठांनी फुंकर घालणं शक्य नव्हतं. ओठ कधीच बटाटेवड्याएवढा झाला होता. हुकूम म्हणजे हुकूम. महिपतीने पुन्हा उड्या मारल्या. माश्यांशिवाय तो नाच फारच अवघड गेला! समोर लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि महिपतीच्या डोळ्यांना धार लागली होती. सूज आली म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. त्यानेही वाटू दिलं.

त्या रात्री त्याने हॉटेलच्या न्हाणीघरात पिशवी कढत पाण्याने धुतली. उस्ताद असते तर त्यांनी आधी त्याचे हात धरले असते. सकाळपर्यंत चामडं पापडासारखं कडक झालं आणि दाबताच तडकलं. बिचारी एवढी वर्षं काखेत राहिली, आणि तिला मारलं कुणी, तर त्यानेच!

पुण्याला परतल्यावर वाद्य भांडारात जमा झालं. ते सरकारी, माणूस तेवढा घरी जायचा. महिनाअखेरीला महिपती निवृत्त झाला, हार घातले गेले, भाषणांत प्रत्येकाने त्या नाचाचा उल्लेख केला. सोसायटीच्या फाटकात खांबेटे उभेच होते.

"या, कामथे. पाहिलं बरं का आम्ही. वादनाबद्दल बोलत नाही, पण पायांत दम आहे. गणपतीत लेझीम पथकात या. तिथे काही वाजवावं लागत नाही."

महिपती कसनुसं हसला आणि जिना चढला.

भाग्यश्रीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. काय सांगावं? तुझी ओवी होती ती, माझ्याकडून मातीत गेली, आणि आता वाजवायला वाद्यही नाही? शेवटी त्याने कपाकडे बघतच विचारलं, "कसं वाटलं मग?"

"अहो, लई भारी! मी तर रडले. किती मान्सं उभी ऱ्हायली तुमच्यासाठी! आई म्हनली, उगाच म्हनत व्हतो पिपाणी पिपाणी." ती त्याच्यासमोर बसली. "वाजवता बी छान. मला वाटलंच व्हतं, ते असंच वाजत असंल."

महिपतीच्या हातातला कप तसाच राहिला. तिला वाटलं, तेच वाजवणं होतं! ते गुळगुळणं, ती किंचाळी, तो शेवटचा 'भूं', एवढ्या वर्षांनी तिने ऐकलं ते हेच, आणि तेच तिला छान वाटलं होतं.

"एक इचारू का?" ती पदराशी चाळा करत म्हणाली. "मला काय कळलं न्हाई, हसू नका. पन गानं कुठलं व्हतं ते?"

महिपतीने तिच्याकडे बघितलं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. मग चहाचा एक घोट घेतला, आणि ओठ अजून दुखत असल्यासारखा हळूच म्हणाला,

"इंग्रजी व्हतं."

"तरीच!" भाग्यश्री म्हणाली.