तीन भोंगे आणि कोरीन ब्रॅडशॉ

पर्सिमन पॉइंट या आमच्या बंदरगावात गेल्या साठ वर्षांत घडलेला एकही गुन्हा माझ्या नजरेतून सुटलेला नाही. गुन्हे एकूण चार. त्यांतले दोन वादळानं केले होते. मी ॲडलेड प्रूइट. अडतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसले, त्यामुळे पाकीट न उघडता आतला मजकूर ओळखायची मला सवय आहे. काही लोक याला चोंबडेपणा म्हणतात. पण माझं खरं हत्यार म्हणजे स्मरणशक्ती. १९६३च्या नाचाला कुणी कुठल्या रंगाचे मोजे घातले होते, ते आजही विचारा. कुणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगते.

डिसेंबरचा दुसरा शनिवार होता. नाताळच्या बोटींची मिरवणूक. मी, थेल्मा आणि लविनिया दरवर्षीप्रमाणे धक्क्यावर खुर्च्या टाकून, एकाच घोंगडीत सहा गुडघे कोंबून बसलो होतो. पाचलाच अंधारलं होतं आणि वारा कानात शिरत होता. पूर्वी या मिरवणुकीत चाळीस बोटी असायच्या, सगळ्या खेकडे आणि कालवं धरणाऱ्यांच्या. आता अकरा, त्यांतल्या पाच दातांच्या डॉक्टरांच्या.

आमच्याकडे रीत अशी, की आपल्या माणसासमोर बोट आली की तांडेलानं तीन लांब भोंगे द्यायचे. लविनियाचा नवरा एलवुड सेहेचाळीस वर्षं तिच्यासमोर भोंगा वाजवत आलाय. यंदा त्याची बोट दिव्यांनी लखलखत आली, आमच्यासमोरून गेली, आणि मुकाट गेली. मग पन्नास पावलांवर, चर्चच्या धक्क्यासमोर, तीन लांब भोंगे! आणि तिथे दिव्याखाली एकटी उभी होती कोरीन ब्रॅडशॉ. विधवा. हातात कॉफी.

लविनियानं थर्मासचं झाकण तेवढं घट्ट लावलं.

"भोंगा अडकला असेल," थेल्मा म्हणाली.

"आणि नेमका कोरीनसमोर सुटला?" मी म्हटलं. "थेल्मा, तू आपली सूप वाढ."

"मी आजच सॅलिसबरीला जाते, बहिणीकडे," लविनिया म्हणाली. "या वयात हे बघायचं राहिलं होतं."

आता प्रकरण माझ्या हाती आलं. "लविनिया, एलवुडच्या वागण्यात काही बदल?"

"पेपर वाचत नाही हल्ली. रेडिओच लावून बसतो. परवा कॉफीत मीठ घातलं आणि प्यायलाही."

"मन थाऱ्यावर नाही! आणखी?"

"अंगणातल्या पायरीला दोनदा अडखळला."

"कुणाच्या तरी विचारात. ऐक, १९६३, अग्निशमन दलाचं कालवांचं जेवण. एलवुड कोरीनबरोबर दोनदा नाचला. तिचा झगा पिवळा, त्याचे मोजे तपकिरी. हा कट साठ वर्षं शिजतोय."

"तेव्हा तो नऊ वर्षांचा होता गं," थेल्मा म्हणाली.

"कट लहान वयातच सुरू होतात."

लविनियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठले आणि कोरीनकडे निघाले. दोघी मागोमाग आल्या.

"कोरीन, भोंगा वाजला तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. बघतेयस की."

"आणि तू काय केलंस?"

"हात हलवला. कुणीतरी वाजवतंय, तर आपण काय पाठ फिरवायची?"

थेल्मानं मात्र कोरीनच्या डोक्याकडे पाहिलं. "कोरीन, ही टोपी कुठली?"

टोपी लोकरीची होती. भगवी, मधे हिरवा पट्टा. आमच्याकडे प्रत्येकाच्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर तरंगणाऱ्या बोयांना आपापले रंग असतात, म्हणजे पाण्यावर कुणाचे खेकडे कुठे ते कळतं. भगवा आणि हिरवा, हे एलवुडचे. लविनिया दरवर्षी त्याच रंगांची टोपी घालून धक्क्यावर बसते. यंदा लेकीनं पाठवलेला जांभळा कोट आला होता, टोपीसकट; जुनी तिनं देऊन टाकली होती.

"चर्चच्या जुन्या कपड्यांतली," कोरीन म्हणाली. "या ॲडीनंच तर गळ्यात मारली. 'हे रंग तुला खुलतील' म्हणाली. तीन आठवडे झाले नाहीत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी १९६३कडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

तेवढ्यात एलवुडची बोट धक्क्याला लागली. लागली म्हणजे धडकली. तो उतरला, सरळ कोरीनपाशी आला आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "विनी, गारठलीस की गं!"

थेल्मा हसली, कोरीन हसली. लविनिया हसली नाही.

"एलवुड, मी इकडे आहे."

तो आवाजाच्या दिशेनं वळला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"...एप्रिलपासून. सगळं धुक्यातलं दिसतं. रंग तेवढे कळतात."

"आणि आज बोट कशी चालवलीस?"

"पुढच्या बोटीच्या दिव्यांमागून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोट विकायला लावली असतीस, विनी."

"मी तुला सोडून चालले होते, मूर्खा! मोतीबिंदूपायी! माझ्या आईचं ऑपरेशन अर्ध्या तासात झालं होतं, दुपारी घरी येऊन तिनं भांडण केलं." तिनं डोळे पुसले. "सोमवारी डॉक्टरकडे. तोवर सुकाणू माझ्याकडे."

"तुला येतं?"

"सेहेचाळीस वर्षं शेजारी बसून काय विणकाम केलं का मी?"

बोटींची दुसरी फेरी लागली होती. लविनियानं त्याला चढवलं, स्वतः सुकाणूवर उभी राहिली. थंडीत पाण्यावरून आवाज लख्ख येतो.

"विनी, भोंगा कुठे वाजवू?"

"मी इथेच आहे. वाजव."

तीन लांब भोंगे वाजले, ऐन खाडीच्या मधोमध, समोर कुठलाही धक्का नसताना. गर्दीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. "आता हा कुणासाठी?" एका दाताच्या डॉक्टरच्या बायकोनं मला विचारलं.

"तपास चालू आहे," मी म्हटलं.