दाबकेकाकांचा दहावा

दाबकेकाकांना चहा करायला घड्याळ लागत नाही. पाण्याला उकळी आली की ते पावडर टाकतात आणि आइस हॉकीच्या खेळाडूंची नावं म्हणू लागतात. बेलक्रोआ, टॉलमन, स्वेडबर्ग. पाचव्या नावाला दूध, आठव्याला आच मंद, आणि दहावं नाव तोंडातून बाहेर पडलं की शेगडी बंद. हे ते त्यांच्या घरी करतात तसंच आमच्याही घरी येऊन करतात, कारण माझा चहा त्यांच्या मते 'अंदाजे' असतो.

ही नावं कुणाची ते आधी सांगते. फार पूर्वी तिकडे उत्तर अमेरिकेत एक व्यावसायिक आइस हॉकी लीग होती. थोडी वर्षं चालली, मग प्रेक्षक आटले आणि ती कायमची बंद पडली. आज त्या लीगची आठवण कॅनडातल्या माणसांनाही नीट नाही. पण त्या लीगच्या सगळ्या हंगामांत मिळून सर्वाधिक गुण मिळवलेले दहा खेळाडू ऑकलंडच्या दक्षिणेला, टाकानिनीच्या आमच्या गल्लीत एका मराठी माणसाला क्रमानं पाठ आहेत. गोल मारला की एक गुण, दुसऱ्याच्या गोलला पास दिला तरी एक गुण, हेही त्यांनीच मला कुंपणापलीकडून समजावलं. मी तेव्हा कपडे वाळत घालत होते आणि मी काहीही विचारलेलं नव्हतं.

आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी काका पायांत मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून ड्राइव्हवेवर उभे होते. माझ्या नवऱ्याला, निखिलला, त्यांनी विचारलं, "न्यूझीलंडला येऊन किती वर्षं झाली?"

"साधारण सहा."

"साधारण की नक्की?"

निखिल हातात मिक्सरचा खोका घेऊन हिशोब करत उभा राहिला. "साधारण की नक्की?" हा प्रश्न नंतर आमच्या घरात इतका रुळला की मी भातात मीठ घातलंय म्हटलं तरी निखिल तो विचारतो.

काकांचं सगळं आयुष्य थंडाव्यात गेलं. पुण्यात शिकले, मंचरला बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी केली आणि मग इकडे आले. आता ईस्ट टामाकीला गोठवलेल्या मालाच्या एका मोठ्या गोदामाची शीतयंत्रं सांभाळतात. लग्न केलं नाही. का, असं माझ्या आईनं तिच्या इथल्या मुक्कामात थेट विचारलं, तेव्हा म्हणाले, "राहिलं." बटाटे आणायचे राहावेत तसं.

बर्फावर ते स्वतः कधी उतरलेले नाहीत. "मी बर्फ तयार करणारा. त्यावर घसरणारे वेगळे," असं म्हणतात. एकदा आमच्या मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमात प्रश्नमंजूषा त्यांच्याकडे सोपवली. पहिलाच प्रश्न आला, त्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत तिसरा कोण. सभागृहात फक्त चकल्या खाण्याचा आवाज येत होता. शेवटी मागून मीच म्हटलं, "स्वेडबर्ग." बक्षिसात मला उटणं मिळालं आणि काकांना पुन्हा कुणी माइक दिला नाही. ते नाराज वगैरे झाले नाहीत. घरी परतताना एवढंच म्हणाले, "तुझा उच्चार सुधारलाय."

उच्चारांबद्दल त्यांचा आग्रह फार. "बेलक्रोआ. शेवटचा एक्स गिळायचा. लिहिलेलं सगळं बोलायचं नसतं." सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूनं शेवटच्या हंगामात संघ बदलला होता, तर त्याचं नाव घेताना ते दोन्ही संघ सांगतात. कुणी एक वगळला तर बिचाऱ्यावर अन्याय होतो म्हणे. एवढा काटेकोर माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. म्हणून पुढे जे झालं त्याचा मला आधी फार आनंद झाला, हे कबूल करायला हवं.

पेनरोजला माझं ऑफिस आहे. तिथे ट्रिश नावाची कॅनडाची एक मुलगी नव्यानं रुजू झाली. जेवणाच्या सुट्टीत मी ऐटीत तिला दहाही नावं म्हणून दाखवली. तिला त्या लीगचा पत्ताच नव्हता, पण तिचे वडील हॉकीवेडे, म्हणून तिनं फोनवर शोधलं. नऊ नावं बरोबर निघाली. दहावं चुकलं. काका दहावा म्हणून 'डग पेंडर' म्हणत. तिथे दुसराच कुणी ऑकली होता. डग पेंडर पहिल्या शंभरांतही नव्हता. तो त्या लीगमध्ये खेळला होता खरा, पण जेमतेम, आणि त्याचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

मी इतकी खूश झाले की संध्याकाळी आईला फोनवर पहिलं वाक्य म्हटलं, "अगं, दाबकेकाकांचा दहावा चुकला."

आईनं टीव्ही बंद केला. मग दबक्या आवाजात म्हणाली, "गेले कधी? आणि चुकला म्हणजे? भटजी मिळाले नाहीत का?"

तिला हॉकी समजावण्यात बराच वेळ गेला. मग मी बाहेर आले. काका लाल झाकणाचा कचऱ्याचा बिन रस्त्याकडेला लावत होते. मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, "काका, दहावा डग पेंडर. साधारण की नक्की?"

त्यांचा हात बिनवरच राहिला. मला वाटलं होतं ते वाद घालतील, पुरावा मागतील. ते म्हणाले, "तू कुणाला सांगितलंस का?"

"आईला सांगितलं. पण तिला वाटलं तुम्ही गेलात."

ते हसले नाहीत. "मानसी, शनिवारी दुपारी मोकळी आहेस? माझ्याबरोबर पापाकुराला चल. मला जरा भीती वाटतेय."

दाबकेकाका आणि भीती हे दोन शब्द मी प्रथमच शेजारीशेजारी ऐकले. शनिवारी गाडीत त्यांनी मला सगळं सांगितलं. समोर बघत, एकेक वाक्य तपासून पाहिल्यासारखं.

ते या देशात नवे आले तेव्हा शनिवार-रविवारी एका आइस रिंकवर यंत्रं दुरुस्त करायला जात. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी तिथे एक कॅनडियन म्हातारा चालवायचा. तोच डग. "त्या पहिल्या वर्षात या देशात मला नावानं हाक मारणारा तो एकटाच होता. हेमंत त्याला जमायचं नाही. हेमी म्हणायचा. पण म्हणायचा." डग आपल्या जुन्या लीगच्या गोष्टी सांगायचा. पहिले दहा कोण, कसे खेळायचे, कुणाचा गुडघा कधी गेला. स्वतःबद्दल फारसं बोलायचा नाही. थर्मासमधला चहा आणि ती दहा नावं, दोघांचे रविवार असे जायचे.

पुढे डगची स्मरणशक्ती ढासळत गेली आणि तो पापाकुराच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, आला. काकांचं नाव तो विसरला नाही, पण बाकी बरंच विसरला. मग काका त्याच्याजवळ बसून नावं म्हणायचे आणि तो मान डोलवायचा. एके दिवशी नऊ नावं झाली आणि दहावं घेण्याआधीच डगनं विचारलं, "आणि मी?"

"कसं विचारलंन, ते मला सांगता येणार नाही," काका म्हणाले. "मी म्हटलं, दहावा तूच. इतका खुलला गं तो. त्या दिवशी पूर्ण जेवला. आता तिथे एक आणि बाहेर एक असं मला जमत नाही. उद्या त्याच्यासमोर तोंडून खरं निघून गेलं तर? म्हणून मग सगळीकडेच तसं म्हणायला लागलो."

"मग आज भीती कशाची?"

"त्याची मुलगी आलीय विनिपेगहून. कॅरन. रेस्ट होममध्ये काम करणाऱ्या अरोहानं तिला फोनवर सांगितलं, तुझे वडील किती मोठे खेळाडू होते. तिनं उलट कळवलं की हे त्यांना कोण सांगतंय, त्याला मला भेटायचंय. आज डगचा वाढदिवस आहे. ती सगळ्यांसमोर बोलली तर माझं काही नाही. पण तो समोर बसलेला असेल."

रेस्ट होमच्या दारात अरोहा भेटली. उंच, हसरी माओरी बाई. "किया ओरा, हेमी," असं म्हणून तिनं काकांना मिठी मारली आणि मला सांगितलं की हेमी हे माओरी नाव, त्यामुळे डगचा हेमी येणार म्हणून ती पहिल्या दिवशी एखाद्या माओरी माणसाची वाट बघत होती आणि आला हा, डब्यात शिरा घेऊन.

हॉलमध्ये टेबलावर पाव्हलोवा, हा इथला सणासुदीचा केक, होता आणि खुर्चीत डग. मोडून बसलेलं नाक, गुडघ्यांवर घोंगडी, हात मात्र अजून फावड्यासारखे. शेजारी पन्नाशीची एक बाई ताठ बसली होती. तिनं काकांशी हात मिळवला आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे ते तुम्ही." त्यावरून काही कळेना. काकांच्या कपाळावर घाम आला. त्या माणसाला मी कधी घामात पाहिलं नव्हतं.

केक कापला, गाणं झालं. मग डगनं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "हेमी. नावं."

खोलीतल्या सगळ्या आज्या-आजोबांना तो कार्यक्रम ठाऊक होता. सगळे सरसावून बसले. काका उभे राहिले आणि सुरू झाले. बेलक्रोआ, शेवटचा एक्स गिळून. टॉलमन. स्वेडबर्ग. सहाव्याचे दोन्ही संघ. आठवा. नववा.

आणि ते थांबले. त्यांनी कॅरनकडे पाहिलं, मग खाली. डग त्यांच्याकडे बघत होता. त्याची मान हळूहळू पुढे आली. मी निखिलला बरोबर आणायला हवं होतं, असं उगाचच वाटून गेलं.

"आणि दहावा," कॅरन जागेवरूनच म्हणाली, "डग पेंडर."

टाळ्या पडल्या. डगनं सगळीकडे बघून मान लववली, अगदी सवय असल्यासारखी. काका मटकन खुर्चीत बसले. मी माझ्या पाव्हलोवाचा पहिला घास तेव्हा खाल्ला.

नंतर कॉरिडॉरमध्ये काका कॅरनची माफी मागू लागले. "मला खरं माहीत आहे. दहावा ऑकली होता. मी त्या ऑकलीला मनातल्या मनात रोज सॉरी म्हणतो."

कॅरननं त्यांना थांबवलं. "मिस्टर दाबके, आम्हा भावंडांना डॅडनं लहानपणी सांगितलं होतं की तो सातवा आहे. शाळेत सगळ्यांना सांगून माझं हसं झालं होतं. तुम्ही त्याला दहावर आणलंत. त्याच्यापेक्षा बरेच खरे आहात तुम्ही."

काका आधी थोडे हसले आणि मग डोळे पुसावे लागेपर्यंत हसले. ती ताठ बाईसुद्धा भिंतीला टेकून हसत होती. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "मला ती नावं शिकवा. फोनवर त्याच्याशी काय बोलायचं ते मला कधी सुचत नाही. तुम्ही ज्या वारी येत नाही, त्या वारी मी फोन करून म्हणेन."

काकांनी विचार केला. हिशोब सोपा होता, तरी त्यांनी वेळ घेतला.

"तसा वार नाहीये," ते म्हणाले.

मला इतके दिवस वाटत होतं, ते उशिरा घरी येतात कारण त्यांना ओव्हरटाइम असतो.

कॅरननं पर्समधून छोटी डायरी काढली. मग म्हणाली, "मग रविवार सकाळ मला द्या."

ती इथे होती तोवर काकांनी तिची नावं पक्की करून घेतली. ती परत गेली त्यानंतरच्या रविवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. हातात काही नाही. "आज मी मोकळा आहे," असं म्हणाले आणि आत येऊन कुठे बसावं ते न कळल्यासारखे उभेच राहिले. निखिलनं त्यांना खुर्ची दिली. मी तव्यावर थालीपीठ टाकलं. त्यांनी पहिलं थालीपीठ अर्धं खाल्लं आणि बाजूला सारलं. मधूनमधून फोन उलटा करून बघत होते, चालू आहे ना.

तो वाजला तेव्हा त्यांनी उभं राहूनच घेतला. बराच वेळ नुसतं ऐकत होते. "हो. हो. थँक यू, कॅरन." फोन ठेवून खिडकीकडे वळले.

"काय झालं, काका?"

"तिचा पाचवा चुकला," ते म्हणाले. "डगनं दुरुस्त केला. आपला आपण. मी नसताना."

मग ते खुर्चीत नीट मागे टेकून बसले, उरलेलं थालीपीठ संपवलं आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

"अजून एक घाल बघू," म्हणाले. "भूक लागलीय."