मांजराचे पाय चारच!

यंत्रांचे नकाशे काढता काढता ज्याचे केस पिकले, त्या माणसाला आपल्या पाच वर्षांच्या लेकीला एक मांजर काढायला शिकवता येऊ नये? छे! "आठ दिवस दे मला," ड्राफ्ट्समनबाबांनी बायकोला बजावलं, "शाळेच्या चित्रप्रदर्शनात भिंतीवर ठमीचंच चित्र उठून दिसेल!"

ठमीला तरी दुसरं काय हवं होतं? आपलं मांजर त्या भिंतीवर लागावं, बस्स! तिने ते झोकात काढलंही. सहा पायांचं!

"मांजराला पाय किती?" बाबांनी विचारलं.

"चार. पण हे पळतंय ना!"

बाबांनी खोडरबर उचललं. दोन पाय गेले. मग कान सारखे नाहीत म्हणून कान गेले. शेपटीला पट्टी लावली, तर ती लांब भरली. मिशांसाठी कोनमापक आलं. "बघ हं, अशी बारीक रेघ..." म्हणता म्हणता पेन्सिलही त्यांच्याच हातात आली. ठमी केव्हाच टेबलाखाली जाऊन बाहुलीची वेणी घालत बसली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अरे, चित्र तिचं आहे ना?" बायको म्हणाली.

"मी फक्त हातभार लावतोय!" बाबा गुरकावले.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलांच्या भिंतीवर जेमतेम तीन चित्रं. ठमीचं नव्हतंच! ती चवड्यांवर उभी राहून पुन्हा पुन्हा शोधू लागली. बाबा तरातरा बाईंकडे गेले.

"ज्यांत मोठ्यांचा हात दिसला, ती समोर लावलीत," बाई गोड हसल्या.

समोरची भिंत गच्च भरली होती. वर पाटी: 'पालकांची चित्रं'. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीकडे बघवेना. पण बाईंनी तिला कोरा कागद दिला आणि पाच मिनिटांत ठमीचं मांजर भिंतीवर चढलं! त्याचे पाय मोजायची बाबांची हिंमत झाली नाही.

मग बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक चांदणी दिली. पालकांच्या चित्रांतलं आवडेल ते निवडा म्हणाल्या. बाबांची कॉलर एकदम ताठ झाली. शेवटी तीस वर्षांचा हात होता!

दातांचे डॉक्टर असलेल्या एका पालकांनी काढलेल्या वेड्यावाकड्या गाईला अकरा चांदण्या पडल्या. बाबांच्या मांजराला एकही नाही.

"ठमे, तुझी चांदणी कुठेय?"

"गाईला दिली. ती हसतेय."

"अगं, पण मी तुझा बाबा ना!"

"म्हणून तर तुझं दोनदा बघितलं," ठमी म्हणाली.