अकरावी सायन्सला रोज येण्याबाबत

"सर, अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतल्यावर मी रोज कॉलेजात आले तर चालंल का?"

हा प्रश्न चारचौघांत विचारायची कल्पना माझी नाही. तीर्थपुरीच्या मार्गदर्शन मेळाव्यात, एवढे पालक बसलेले असताना, मी हे विचारूच शकणार नाही अशी माझ्या मैत्रिणींनी, लायबा आणि साक्षीनं, पैज लावली होती. मी विचारलं. (मागच्या वर्षापर्यंत मी दुकानात पेन मागायलासुद्धा चुलत भावाला पुढं करायचे. दहावीला मार्क पडले की माणसात फरक पडतो.)

विज्ञान विभागप्रमुख धर्मराज सरांनी चष्मा काढला. "घरी काही अडचण आहे का बाळा?"

त्यांचं बरोबर होतं. ज्या कॉलेजात मुलं जितकी कमी दिसतात, तितकं ते नामांकित, हा उच्च माध्यमिक शिक्षणाचा पाया आहे. आमचं कॉलेज अत्यंत नामांकित आहे. विद्यार्थ्याचं नाव इथं, शरीर लातूरच्या क्लासला आणि मन मोबाईलमध्ये, अशी त्रिस्तरीय व्यवस्था तिथं वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे.

"तू एकटी आलीस तर तास घ्यावा लागंल," सर समजावून सांगू लागले. "तास घेतला तर हजेरी घ्यावी लागंल. मंग बाकी सगळे गैरहजर निघतेल. एका पोरीच्या हौसेपायी एवढ्या लेकरांचं नुकसान करायचं का?"

पालकांनी माना हलवल्या. मलाही क्षणभर स्वतःची लाज वाटली.

प्रयोगशाळेबद्दल तर बोलायलाच नको. तिथं आजवर एकही परीक्षानळी फुटलेली नाही. (जगातल्या किती प्रयोगशाळांना हे साधलं असेल?) सूक्ष्मदर्शक आहे, तो बघायला मात्र किल्ली लागते आणि किल्ली बोर्डाच्या परीक्षेच्या आठवड्यात येते. प्रात्यक्षिकात सगळ्यांना तीसपैकी तीस.

आता विषयांचं. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायचं, असा आमच्याकडं रिवाज आहे. आवडीचा इथं संबंध नाही. मेडिकल हुकलं तर इंजिनिअरिंग, ते हुकलं तर फार्मसी, तेही हुकलं तर कृषी. हुकण्याची इतकी चोख तयारी दुसऱ्या कुठल्या शास्त्रात नसेल. मला मात्र फक्त जीवशास्त्र पाहिजे. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मी आठवीपासून तीन रंगांत काढत आलेय. बघितलेली एकही नाही.

हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, "कांदा घरात आहे की. बघ ना किती बघायचाय तेवढा."

मिथुनमामा (बी.ई., सध्या बँकेच्या परीक्षेची तयारी) म्हणाले, "दोन्ही ठेव गं. मी पण दोन्ही ठेवलते." आणि बँकेच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसले.

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. तिथं मुलं रोज येतात, पण ती गोष्ट वेगळी. मी आष्टीकडच्या एका कॉलेजचं नाव काढलं तर ते म्हणाले, "तिथं? तिथं तर रोज शिकवतात म्हणं. पोरं कच्ची असल्याबिगर कोण शिकवंल?"

तुम्ही हसून राह्यलात, हसा. उद्या तुमच्या पोटात दुखायला लागलं की तुम्ही ज्याच्यापुढं झोपणार, तो आमच्यातलाच एक असेल. आतडं त्यानं तीन रंगांत काढलेलं असेल. आणि लग्नकार्यात माझ्या आईला गाठून "पोरगी लातूरला ना?" असं विचारणारेही तुम्हीच.

म्हणून काल जेवताना मी दोघांना सांगून टाकलं, "आई, पप्पा, लातूरला माझ्यासाठी धरलेली खोली सोडा. मी गणित घेणार न्हाई. आष्टीकडच्याच कॉलेजात जाणार, सोमवारी सही करायला चला. तिथं मुलींच्या हातात सूक्ष्मदर्शक देतात, मी फोन करून विचारलंय. तुम्हाला लाज वाटत असंल तर नात्यात सांगा, पोरगी लातूरलाच आहे. कुणी बघायला येत न्हाई."