हिरव्या शेगडीची बदली

टक्. जरा थांबून पुन्हा टक्.

शुक्रवारची सकाळ. तळ्यावर अजून धुकं होतं. पॉप्लरचं पानसुद्धा हलत नव्हतं. ट्रेलरमध्ये, म्हणजे सुट्टीत राहायच्या चाकांवरच्या घरात, रूबेन आणि टेस, बाप-लेक, एकाच पांघरुणात मुटकुळं करून झोपले होते. त्या शांततेत जनेलच्या हातातला लायटर तेवढा बोलत होता. तिसऱ्या टक्‌ला शेगडी पेटली. म्हणजे पेटली असं आपलं म्हणायचं. ज्योत एवढीशी, की केकवरची मेणबत्ती तिची थोरली बहीण शोभली असती.

जनेलनं बटण होतं तेवढं फिरवलं. ज्योत तेवढीच. तिनं त्यावर कॉफीचं पाणी ठेवलं. टेस उठली, तिनं दात घासले, तळ्याकाठी जाऊन बदकांना काल उरलेल्या पावाचे तुकडे घातले, परत आली आणि भांड्यात बोट बुडवलं.

"आई, हे पाणी अंघोळीचं आहे का?"

एरवी जनेलनं शेजारून कॉफी मागून वेळ मारून नेली असती. पण रविवारी ओमा जेवायला येणार होत्या.

ओमा म्हणजे रूबेनची आई. नाव अगाथा, पण टेसला बोलता येऊ लागल्यापासून सगळं घर त्यांना ओमाच, म्हणजे आजीच, म्हणे. ट्रेलर त्यांचा आणि ओपांचा, म्हणजे रूबेनच्या वडिलांचा, जेकचा. ओपा गेल्या हिवाळ्यात गेले. बर्फ वितळल्यावर ओमांनी ट्रेलरची किल्ली रूबेनच्या हातावर ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत. यंदा वापरा, मी जुलैत येऊन बघेन, सांभाळता आला तर तुमचा, नाहीतर कॉर्नी मागतोच आहे, असं त्यांनी सांगितलं. कॉर्नी हा रूबेनचा चुलतभाऊ. ट्रेलर आतून रिकामा करायचा, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर ओढत न्यायचा, ट्रेलरच्या जमिनीला आणि खालच्या बर्फाला भोक पाडून आत बसल्या बसल्या मासे धरायचे, असा त्याचा बेत होता आणि तो हे सगळ्यांना हसत हसत सांगायचा.

जनेलला त्या हसण्याचा राग येई. टेस पहिलं पाऊल टाकायला शिकली ती या ट्रेलरमध्ये, टेबल आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत. पडायलासुद्धा जागा नव्हती, म्हणून चाललीच. त्या जागेला कुणी भोक पाडावं, हे जनेलला कदापि मंजूर नव्हतं.

आणि ओमांची परीक्षा कशात असणार हेही तिला ठाऊक होतं. ओमा खिडक्या बघणार नाहीत, चाकं बघणार नाहीत. शेगडी बघतील. ती हिरवी, तीन बर्नरची शेगडी त्यांनी लग्नाच्या भांड्यांसारखी जपलेली होती. तिच्यावर उकळत्या पाण्यात सोडलेले व्हेरेनिके, म्हणजे आत ताज्या चक्क्याचं सारण भरलेले उंडे, वर सायीचा रस्सा, कडेला परतलेलं सॉसेज. ओमांच्या मते रविवार म्हणजे एवढंच, बाकी चर्च.

जनेलनं त्या मेणबत्तीवर चार व्हेरेनिके घालून पाहिले. पाणी उकळेना, उंडे शिजेनात. दुपारपर्यंत त्यांची खळ झाली. रूबेननं ती चमच्यानं ढवळून पाहिली आणि फार जपून म्हणाला, की वॉलपेपर चिकटवायला ठीक आहे.

"तू नुसता बोल," जनेल म्हणाली. "काल टाकी लावताना काय केलंस, ते आठव."

काल खरं तर रूबेननं काहीच केलं नव्हतं. करू दिलं नव्हतं. गॅसची टाकी भरून आणली होती. रूबेन ती जोडून व्हॉल्व्ह उघडत होता, आपल्या वडिलांसारखा, आधी टाकीकडे बघून, मग तळ्याकडे बघून, मग केसभर फिरवून.

"व्हॉल्व्ह उघडतोयस की त्याची समजूत काढतोयस? तुझं होईपर्यंत हिवाळा येईल." असं म्हणून जनेलनं त्याला बाजूला केलं होतं आणि एका हिसड्यात व्हॉल्व्ह पुरता उघडला होता. तिचं सगळं असंच. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण, अडकलेली खिडकी, हट्टाला पेटलेली टेस: नेट लावला की होतं, हा तिचा सिद्धान्त, आणि आजवर त्यानं तिला दगा दिला नव्हता.

तिनं नेट लावला. टाकी बंद केली, बर्नर काढले, सुईनं एकेक छिद्र साफ केलं, पुन्हा बसवले, बाहेर जाऊन टाकी हिसड्यात उघडली. ज्योत मेणबत्तीएवढी. टाकी बंद. नळीच्या सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. टाकी हिसड्यात उघडली. एक बुडबुडा आला नाही, आणि ज्योतही वाढली नाही.

तोवर शेजारच्या जागेवरचा ओरेस्ट खुर्ची घेऊन आला. कॅम्पातली पोरं त्याला गीदो म्हणत, म्हणजे युक्रेनी आजोबा. सांधेदुखीमुळे त्याची बोटं मुळ्यांसारखी वाकडी झालेली होती, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. कुणी गाडीचं बॉनेट किंवा शेगडीचं झाकण उघडलं की तो तिथं असायचाच.

"कोळी," तो खुर्चीत टेकत म्हणाला.

"काय?"

"कोळी, बाई. या गॅसच्या वासावर कोळी जीव टाकतो. नळीत घर करून बसलाय बघ."

जनेलनं नळी काढली. आत खरोखर जाळं निघालं आणि एक छोटा, गोंधळलेला कोळीही निघाला. सगळ्यांना फार आनंद झाला. टेसनं कोळ्याला पानावर घेऊन झाडापर्यंत पोचवलं आणि त्याच्या बायकोला कसं कळणार, असं विचारलं. ओरेस्टनं आपल्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला, ती पोचली नाही, म्हणून रूबेननं मारली. जनेलनं सगळं जोडलं, बाहेर गेली, टाकी हिसड्यात उघडली.

मेणबत्ती.

मग रेग्युलेटर. रूबेन जवळच्या गावी जाऊन नवा घेऊन आला. यायला उशीर झाला, कारण तो दुकानात दोन रेग्युलेटर हातात धरून कोणता बरा दिसतो याचा विचार करत होता. जनेलनं नवा बसवला, टाकी उघडली. मेणबत्ती. टाकी भरलेली होती, तिच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती. नळी साफ, रेग्युलेटर नवा, कोळी झाडावर. राहिलं कोण? हिरवी.

"जुनी झाली बिचारी," रूबेन म्हणाला. "ओमाला सांगून टाकू. समजून घेईल."

"समजून घेतील आणि किल्ली कॉर्नीला देतील," जनेल म्हणाली. "चल, गाडी काढ."

शनिवारी सकाळी त्या दोघांनी भंगारातले ट्रेलर विकणाऱ्या एका माणसाच्या आवारात, गवतातून आणि डासांतून हिंडून, एक शेगडी शोधून काढली. पांढरी होती. पण बर्नर तीन, आणि आकार साधारण तोच. साधारण. घरी आणून ठेवली तेव्हा ती ओट्यातल्या भोकात बोटभरानं मावेना. रूबेन म्हणाला, आपण विचार करू. तो विचार करत असताना जनेलनं ओरेस्टकडून करवत आणली आणि भोक बोटभर मोठं केलं.

हिरवी शेगडी आणि जुना रेग्युलेटर दाराबाहेर गवतात पडले होते. ओरेस्ट त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आला. फेकणार असशील तर मला दे, म्हणाला, मासे साफ करायच्या माझ्या शेडमध्ये ठेवतो, मेणबत्तीएवढी तर मेणबत्तीएवढी, हात शेकायला होईल. जनेलनं देऊन टाकली. करवतीची परतफेड झाली, असंही तिला वाटलं.

पांढरी बसली. चकचकीत दिसत होती. जनेलनं हात पुसले, बाहेर गेली, जगातल्या सगळ्या अडकलेल्या खिडक्या आठवून टाकी उघडली, आत आली आणि लायटर धरला.

टक्.

पुन्हा मेणबत्ती. मग रूबेन म्हणाला, की हिची ज्योत निदान पांढऱ्यावर खुलून दिसते. जनेलनं टाकी बंद केली आणि पायरीवर जाऊन बसली. टेस येऊन तिच्या मांडीवर बसली, कारण आई पायरीवर बसली की मांडी मोकळी असते, हा तिचा अनुभव होता.

आणि तेव्हा परतलेल्या कांद्याचा वास आला.

ओरेस्टच्या शेडमधून धूर निघत होता. जनेल टेसला कडेवर घेऊन गेली. आत हिरवी शेगडी तिन्ही बर्नरांनी फुरफुरत होती. निळी, भरदार, भांड्याच्या बुडाबाहेर पसरलेली आच. एकावर पाणी खदखदत होतं, दुसऱ्यावर लोण्यात कांदा. नळीला तोच जुना रेग्युलेटर, टाकी तेवढी ओरेस्टची.

"काय केलंत?" जनेलनं विचारलं.

"मी? काही नाही." ओरेस्ट बिचारा खरं बोलत होता. "जोडली न् पेटवली. तुझ्याकडे काय उपाशी ठेवली होतीस काय हिला?"

परत द्या, असं जनेलच्या अगदी ओठांवर आलं. पण हिरवी आता ट्रेलरमध्ये ठेवली असती तर त्या मोठ्या केलेल्या भोकातून सरळ खाली भांड्यांच्या कपाटात गेली असती. नेट लावून भोक मोठं करता येतं. लहान करायला नेट उपयोगी पडत नाही, हे तिला त्या शेडच्या दारात पहिल्यांदा कळलं. तरी ती मागे हटली नाही. उद्याचा स्वयंपाक इथं करते, म्हणाली. ओरेस्टनं लगेच परवानगी दिली, एका अटीवर: व्हेरेनिके हे मुळात त्याच्या आजीचे पेरोहे आहेत, ओमांच्या मेनोनाइट पंथानं उचललेले, हे तिनं मान्य करावं. जनेलनं मान्य केलं. त्या दिवशी तिनं काहीही मान्य केलं असतं.

रविवारी ओमा चर्चमधून थेट आल्या, टोपीसकट. जनेल तोवर शेड आणि ट्रेलर यांच्यामध्ये टॉवेलखाली पातेली घेऊन पळत होती. पांढऱ्या शेगडीवर तिनं टेबलक्लॉथ घातला होता आणि त्यावर फुलं ठेवली होती. ओमांनी फुलांकडे पाहिलं आणि जेवायला बसल्या. व्हेरेनिके खाल्ले. दुसऱ्यांदा घेतले. सायीचा रस्सा पावानं पुसून घेतला. रूबेननं टेबलाखाली जनेलचा हात दाबला. आणि ओमा उठल्या.

"चहा मी करते. बस तू."

जनेल बसली नाही, पण काही करूही शकली नाही. ओमांनी फुलं उचलली, टेबलक्लॉथ उचलला आणि नव्या पाहुणीकडे बघावं तसं बघत राहिल्या.

"ही कोण?"

मग जनेलनं सगळं सांगितलं. कोळ्यापासून करवतीपर्यंत, एका दमात, काही न लपवता. मध्ये टेसनं कोळ्याच्या बायकोचा मुद्दा घातला. ओमांनी ऐकून घेतलं. हातातली किटली पांढरीवर ठेवली, बटणं सगळी बंद आहेत ना ते हात लावून पाहिलं आणि बाहेर गेल्या. तिघंही मागोमाग. कौतुक ऐकायच्या आशेनं ओरेस्टही खुर्ची घेऊन आला.

ओमा टाकीपाशी गुडघ्यावर बसल्या. आधी टाकीकडे पाहिलं. मग तळ्याकडे. मग व्हॉल्व्ह केसभर फिरवला, थांबल्या, आणखी केसभर. तेवढ्या वेळात तळ्यावरचा पाणपक्षी बुडी मारून दुसरीकडे वर आला.

"जेक असाच उघडायचा," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "मी पातेलं घेऊन आत ताटकळायची. अरे, उघडतोयस की पोळी लाटतोयस, म्हणून ओरडायची. जन्मभर ओरडले."

आत जाऊन जनेलनं लायटर धरला. एकाच टक्‌मध्ये भप्पकन निळी आच किटलीच्या कडांपर्यंत चढली.

ओरेस्टनं कपाळावर हात मारून घेतला. टाकीचा व्हॉल्व्ह एकदम उघडला, की तिला वाटतं पुढं नळी फुटली, आणि घाबरून ती आतलं दार लोटून घेते, फटीतून येईल तेवढाच गॅस. हे त्याला माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं. त्याचं स्वतःचं कधी अडलं नाही, कारण त्या वाकड्या बोटांनी व्हॉल्व्ह भराभर फिरतच नसे.

चहा झाला. ओमांनी कप पुढं ओढला आणि हिशेब सुरू केला.

"शेगडी घालवलीस."

"हो."

"ओट्याचं भोक मोठं केलंस. बरा असलेला रेग्युलेटर काढलास. एवढी नासधूस कॉर्नीला हिवाळाभरात जमली नसती."

जनेलनं मान खाली घातली. टेबल आणि पलंग यांच्यामधली चिंचोळी जागा तिला दिसत होती, आणि तिच्यात पडलेलं भोक.

"पण कॉर्नी," ओमा म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारीच घरी निघून गेला असता." त्यांनी टेबलावर पडलेली किल्ली उचलली आणि तिच्याकडे सरकवली. या वेळी बोटं लगेच काढून घेतली. "ट्रेलर तुमचा. व्हॉल्व्हला मात्र तू हात लावायचा नाहीस. तो रूबेन उघडेल."

"उघडेन," रूबेन म्हणाला. मग जरा विचार करून, "सावकाश."

जनेल हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. ओमाही हसल्या, मग कपातली चहाची पिशवी वर धरून बसल्या, थेंब थेंब गळेपर्यंत. टेस एवढा वेळ खिडकीला नाक लावून टाकीकडे बघत होती. ती वळली, आईजवळ आली आणि हळूच विचारलं,

"आई, ओपांना हे माहीत होतं? का ते नुसतेच हळू होते?"